कोरडी धुलाई

काचा उजाडायच्या आतच धुवाव्या लागत. ऊन चढलं की काच तापते, तापल्या काचेवर पाणी पडलं की पुसायच्या आत वाळतं आणि पांढरे डाग उठतात. मग सुपरवायझर त्या डागांवरून बोट फिरवून दाखवायचा आणि अख्खी ओळ पुन्हा धुवावी लागायची. म्हणून थोरली आणि धाकटी, दोघी जावा, झुंजूमुंजू व्हायच्या आधीच घरातून बाहेर पडत. थोरली पुढे बॅटरी घेऊन, धाकटी मागे जांभया देत, कंपनीने दिलेले रबरी बूट फटक फटक वाजवत. बूट पुरुषांच्या मापाचे होते. धाकटी त्यांत जुनी फडकी कोंबायची, तरी चालताना तिची टाच आत वरखाली व्हायची.

टेकडीच्या उतारावर सगळीकडे काचाच होत्या. कागदोपत्री तो सौर प्रकल्प. गावाच्या तोंडी काचांचं रान. त्या उतारावर पूर्वी त्यांच्या सासऱ्यांची मेंढरं चरायची. गवत दरसाल विरळ होत गेलं, तशी मेंढरंही कमी होत गेली. कंपनीची माणसं जमीन भाड्याने मागायला आली तेव्हा म्हाताऱ्याने एकच अट घातली, घरातल्या दोघांना काम पाहिजे. ती दोघं म्हणजे या दोन सुना. थोरलीचा नवरा तोवर वारला होता. दूरच्या वीजकेंद्रात तो रेल्वेच्या वाघिणींतून कोळसा उतरवायचा. छाती भरत गेली आणि चाळिशी गाठायच्या आधीच तो गेला. मूलबाळ नव्हतं. माहेरी भावांचे संसार भरलेले, त्यांच्यात आपण कुठे मावायचं, म्हणून ती सासरीच राहिली. धाकट्या दिराचं लग्न तिनेच पुढे होऊन जुळवलं. घरात आलेल्या त्या पोरसवदा जावेला पहिल्या आठवड्यात तिने दोनदा रडताना पाहिलं आणि तिसऱ्यांदा रडायची वेळ येऊ दिली नाही.

धुणाऱ्या बायका आठ होत्या, त्यांच्या चार जोड्या. या दोघींची जोडी ठरलेली. धाकटी पाइप धरायची, थोरली लांब दांड्याचा ब्रश ओढायची, आणि मग रबराच्या पट्टीने दोघी दोन बाजूंनी पाणी निपटून काढायच्या. दांडा माणसाच्या दुप्पट उंच. तो वर रेटला की खांद्यापासून कमरेपर्यंत एक तार ताणल्यासारखी व्हायची. धाकटी ओळीच्या पलीकडे गेली की काचांखालून तिचे फक्त बूट दिसत आणि आवाज येत राही. ती अखंड बोलायची. एकाच घरात राहणाऱ्या जावेला घरातलीच बातमी नव्याने सांगायची तिची हातोटी होती. काल तिच्या नवऱ्याने भाजीत मीठ कमी म्हणून तोंड वाकडं केलं, ते थोरलीने डोळ्यांनी पाहिलेलं असायचं, पण सकाळी ओळीपलीकडून ऐकताना ते जास्त गमतीचं वाटायचं. थोरली हसायची आणि म्हणायची, पाणी दे गं, नुसतं तोंड चालवू नकोस.

घरी आल्यावर धाकटी तिच्या पाठीला मलम चोळायची. थोरलीच्या पाठीचा एक तुकडा, खांद्याच्या दोन्ही फऱ्यांच्या मधला, तिच्या कुठल्याच हाताला लागायचा नाही. धाकटी तिथे अंगठा दाबून म्हणायची, "हा तुमचा खड्डा सापडला."

त्या वर्षी धूळ फार झाली. सकाळी धुतलेल्या काचेवर दुसऱ्या दिवशी बोटाने नाव लिहिता यायचं. काचांवर धूळ बसली की वीज कमी होते, म्हणून कंपनीने धुण्याच्या पाळ्या वाढवल्या. पाळ्या वाढल्या म्हणजे पाणी वाढलं, आणि गावात तर नळाला पाणी एक दिवसाआड, तेही करंगळीएवढं. कंपनीचा पाण्याचा टँकर गावातूनच जायचा. एका सकाळी गावातल्या बायकांनी वळणावर तो अडवला. रिकाम्या बादल्या त्याच्यासमोर मांडून त्या रस्त्यातच बसल्या. टँकरवाला खाली उतरून कपाळाचा घाम पुसत उभा राहिला. तो म्हणाला, मी नुसता चालवतो, पाणी माझं नाही. शेवटी अर्धा टँकर तिथेच रिकामा झाला.

तो राग पुढे या दोघींवर निघाला. नळावर थोरलीचा हंडा कुणीतरी पायाने रांगेबाहेर सरकवला. तिने तो उचलून पुन्हा लावला. पुन्हा सरकवला गेला. "काचांना पाजता ना, तिकडूनच भरून आणा," एक जण म्हणाली. ती शेजारचीच होती, आजारपणात थोरलीने तिच्या घरचं महिनाभर रांधलं होतं. थोरली हंडा घेऊन शेवटी जाऊन उभी राहिली. धाकटी भांडायला पुढे झाली, तर थोरलीने तिचा दंड धरला. ती चुकीचं बोलत नाही, एवढंच थोरली घरी येऊन म्हणाली.

उन्हाळा टळटळीत होता होता बजेट आलं. सुपरवायझरने सगळ्या बायकांना टँकरच्या सावलीत बसवलं. तो तरुण होता, स्वभावाने वाईट नव्हता. अवघड गोष्ट सांगायची असली की मोबाइलमध्ये बघून बोलायचा, म्हणजे कुणाच्या तोंडाकडे बघावं लागायचं नाही. त्याने सांगितलं, की सरकारने देशाचा धूर शून्यावर आणायचं ठरवलंय आणि त्यासाठी बजेटमध्ये मोठी रक्कम काढून ठेवलीय. एका बाईने विचारलं, शून्यावर म्हणजे चूलसुद्धा नाही पेटवायची का. तो म्हणाला, तसं शून्य नाही, जेवढा धूर वर जाईल तेवढाच झाडांनी, जमिनीने खेचून घ्यायचा, म्हणजे हिशेब बरोबरीत. "मग आमच्या घरासारखंच की," ती म्हणाली, "येतं तेवढं जातं." सगळ्या हसल्या. तोही हसला, आणि मग त्याने पुढचं सांगितलं.

बजेटच्या पैशातून दोन गोष्टी होणार होत्या. पहिली, ज्या रानांत काचा पाण्याशिवाय साफ होतील त्यांना यंत्रांची अर्धी किंमत सरकार देणार होतं. कंपनीने अर्ज करून टाकला होता. यंत्र म्हणजे ओळीएवढा रुंद ब्रश. तो स्वतःवरच्याच छोट्या काचेच्या विजेवर चालतो आणि पाण्याचा थेंबही न घेता धूळ झाडत जातो. त्याला म्हणतात कोरडी धुलाई. मग बायका कशाला, हे कुणी विचारलं नाही. सुपरवायझरनेच सांगितलं की यंत्रांकडे बघायला एक बाई लागेल. अडकलेली काटकी काढायची, पक्ष्यांची घाण हाताने खरवडायची, चाक रुतलं तर मोकळं करायचं. ती एक जमीन देणाऱ्या घरातलीच ठेवायची असं वरून ठरलं होतं. दोघींपैकी कोण, ते तुम्हीच घरी ठरवा.

दुसरी गोष्ट, या काचा बाहेरून आणण्याऐवजी इथेच बनवायच्या म्हणून सरकार कारखान्यांना पैसे देणार होतं. असा एक कारखाना बसने जायला दिवस लागतो अशा एका शहराच्या कडेला उभा राहत होता. तिथे पस्तिशीच्या आतल्या, दहावी शिकलेल्या बायकांना शिकवून कामावर घेणार होते. शिकण्याच्या काळात राहायला खोली आणि थोडा पगार. काचा हाताळलेल्या बायका आधी.

आठांपैकी दहावी झालेली धाकटी एकटीच होती.

घरी येईपर्यंत ती काही बोलली नाही. इतका वेळ ती गप्प राहिल्याचं थोरलीला आठवत नव्हतं.

पुढचे काही दिवस घरात नुसती धुसफूस होती. धाकटा, म्हणजे धाकटीचा नवरा, गवंड्याच्या हाताखाली काम करायचा. काम असलं तर असलं, नाहीतर ओट्यावर बसून रेडिओ उघडायचा, पुसायचा आणि पुन्हा जोडायचा. शहरात बांधकामं पुष्कळ, आपल्यालाही काम लागेल, आपल्या पोरीची शाळा होईल, असं तो बापाला सांगत होता. पण ते सांगताना तो रेडिओकडे बघायचा. म्हाताऱ्याचं म्हणणं एकच होतं. मेंढरं गेली, जमीन गेली, ती घर एका जागी राहावं म्हणून गेली. आता घरच उठून चाललं, तर मग काय मिळवलं? आणि हा धूर, तो म्हणाला, वर आकाशात जातो तो जातो, तो कमी करायला माझ्या घराचीच चूल विझवायला निघालेत.

एका संध्याकाळी घरच्या शेळ्या बांधताना म्हाताऱ्याने थोरलीला थांबवलं. तो तिच्याशी कामापुरतंच बोलायचा, पण तिच्या शब्दाला मान देऊन होता. "ती माझं ऐकणार नाही," तो म्हणाला, "नवऱ्याचंही नाही ऐकणार. तुझं ऐकेल. तू एकदा नको म्हण."

थोरलीने शेळीचा दोर खुंटीला दोनदा गुंडाळला, मग सोडून पुन्हा गुंडाळला. बघते म्हणाली.

आणि तिने खरंच बघितलं. एकच शब्द बोलायचा होता. बोलला तर सगळं होतं तसं राहणार होतं. त्यात खोटंही काही नव्हतं, पोर लहान आहे, गाव परकं, कारखाना अजून पुरता उभाही नाही, बजेटचे पैसे कागदावर असतात. ही कारणं तिच्याजवळ होती आणि चांगली होती. आंघोळ करताना, भांडी घासताना ती त्यांची मनात जुळवाजुळव करायची. धाकटी समोर आली की तिला दुसरंच काहीतरी आठवायचं. मीठ संपलंय, असं ती म्हणायची.

यंत्रं यायच्या आदल्या आठवड्यात शेवटची ओली धुलाई झाली. वारा नव्हता. दोघी शेवटच्या ओळीत होत्या, पलीकडचं तांबडं काचांत उतरत होतं. धाकटीने पाइप बंद केला आणि ओळीला वळसा घालून या बाजूला आली. तिच्या हातांना भेगा पडल्या होत्या, अंगठ्याजवळची एक उकललेली होती. तिने ती तोंडात धरली.

"जाऊबाई," ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तर नाही जात."

थोरली पट्टीने पाणी निपटत राहिली. काचेच्या कडेवरून पाण्याची धार तिच्या बुटावर पडत होती.

"जा," ती म्हणाली.

"तोंडदेखलं नको."

"तोंडदेखलं असतं तर रडून म्हटलं असतं. जा तू. काम एकीलाच आहे. मी यंत्रांमागे फिरेन आणि तू घरात बसून माझी वाट बघशील, नाहीतर उलट. त्यात दोघींचं वाटोळं."

"आणि तुम्ही?"

"मला काय झालंय? मामंजी आहेत, शेळ्या आहेत."

 धाकटीने पट्टी तिच्या हातातून घेतली आणि उरलेली काच स्वतः निपटली, एकटीने, दोन्ही बाजूंनी.

ती मंडळी निघाली त्या सकाळी धाकटीची पोर झोपेतच होती. 'मोठी आई, तू पुढच्या बसने ये' असं ती थोरलीच्या खांद्यावर डोकं ठेवून पुटपुटली आणि पुन्हा झोपली. धाकट्याने दोन गाठोडी आणि एक पत्र्याची पेटी टपावर चढवली. रेडिओ त्याने बापासाठी मागे ठेवला होता. म्हातारा फाट्यापर्यंत आला नाही. शेळीचं दूध काढायचं आहे म्हणून तो गोठ्यात बसून राहिला. त्या शेळीला त्या दिवसांत दूधच नव्हतं.

बस हलली तेव्हा धाकटीने खिडकीतून हात काढून काहीतरी सांगितलं. इंजिनाच्या आवाजात ते ऐकू आलं नाही. थोरलीने मान हलवली. दिवसभर तिला वाटत राहिलं की ते काहीतरी महत्त्वाचं असणार, आपण उगाच हो म्हणालो. पुढे फोनवर विचारलं तर धाकटीलाही आठवेना.

यंत्रं आली. थोरलीला पिवळं जाकीट मिळालं, टोपी मिळाली, आणि तिच्या मापाचे बूट मिळाले. सूर्य वर यायच्या आत यंत्र ओळीच्या कडेने सुटायचं आणि सूं सूं करत पलीकडे निघायचं. मागे धुळीचा एक लांब पडदा खाली बसत जायचा. तिने तोंडाला फडकं बांधायचं आणि खालून चालत राहायचं. काटकी अडकली की यंत्र आचके देत थांबायचं. ती काठीने ती काटकी ढकलून द्यायची. पहिल्या दिवसांत ती सवयीने मोठ्याने बोलायची, इकडे राहिलं गं, आणि मग ओळीखालून पलीकडे बघायची. तिथे गवत असायचं आणि लोखंडी खांब असायचे.

काम हलकं झालं होतं, हे तिलाही नाकारता येत नव्हतं. खांदा दुखायचा थांबला. टँकर आता गावासाठीच येऊ लागला. नळावर तिचा हंडा कुणी सरकवेना, उलट शेजारीण स्वतःहून जागा करून द्यायची. पण काम सुटलेल्या सहा बायका तिच्याशी जपून बोलायच्या. त्यांच्यातली एक म्हणाली, तुला काय बाई, सरकारने निवडून ठेवून घेतलंय. तिने ते सरळ मनाने म्हटलं की वाकड्या, हे थोरलीला घरी जाऊनही कळलं नाही. खांदा दुखत नव्हता तरी पाठीचा तो मधला तुकडा सवयीने मलम मागायचा. ती दाराच्या चौकटीला पाठ लावून घासायची, आणि अंगणात म्हातारा असला तर नुसती टेकून उभी राहायची.

म्हातारा रेडिओ ऐकायचा. तो दिवसभर अंगणातल्या खाटेवर बसून बाजारभाव, हवामान, भाषणं, जे लागेल ते ऐकायचा. धाकट्याचा फोन सुट्टीच्या दिवशी यायचा. म्हातारा बरे आहात ना एवढं विचारून फोन थोरलीकडे द्यायचा, आणि ती बोलत असेपर्यंत तिथून हलायचा नाही.

धाकटी सांगायची, तिथे काचेखालच्या निळ्या चकत्या एकीला एक जोडायच्या असतात. तार केसासारखी, हात जरा हलला की चकती तडकते. पांढरा अंगरखा, डोक्याला टोपी, तोंडाला पट्टी, आणि बोलायचं नाही. "दिवसभर बोलायचं नाही, जाऊबाई. पहिल्या दिवशी माझं पोट फुगलं." थोरली हसली. फोन ठेवल्यावर तिला वाटलं, म्हणजे तीही गप्पच असते तिकडे. यात बरं वाटण्यासारखं काय होतं, ते तिला समजलं नाही, पण वाटलं खरं.

थंडी सुरू झाली तेव्हा बजेटचे पैसे कसे खर्च झाले ते बघायला वरून पाहुणे आले. तीन गाड्या होत्या. सुपरवायझरने आदल्या दिवशीच थोरलीला जाकीट धुवून आणायला सांगितलं होतं. सकाळी त्याने तिला जुना लांब दांड्याचा ब्रश दिला आणि एका ओळीपुढे उभं केलं. फोटोत यंत्र नीट कळत नाही, तो म्हणाला, माणूस लागतो. आता ब्रश कुणी वापरत नाही, असं ती म्हणाली. माहीत आहे, तो म्हणाला, दोन मिनिटांचं काम आहे.

तिने ब्रश काचेला लावला. पाणी नव्हतं. कोरड्या काचेवर कोरडा ब्रश ती वरखाली करत राहिली आणि फोटो काढणारा म्हणाला, जरा इकडे बघा, जरा हसा. पाहुण्यांमधल्या एका बाईंनी जवळ येऊन विचारलं, आता काम सोपं झालं का. थोरली काही बोलायच्या आत सुपरवायझर म्हणाला, फारच सोपं, पूर्वी आठ जणी राबायच्या. "अरे वा," बाई म्हणाल्या. त्यांनी थोरलीच्या खांद्यावर हात ठेवला. हात मऊ आणि ऊबदार होता. कुणी आपल्याला हात लावल्याला किती दिवस झाले, असं तिच्या मनात आलं आणि तिच्या डोळ्यांत एकदम पाणी उभं राहिलं. बाईंना वाटलं, आनंदाने. तोही फोटो निघाला.

पुढचं बजेट आलं तेव्हा तिला त्याची आठवणही नव्हती. दुपारी ती घरी आली तर म्हातारा खाटेवरून उठून दारातच उभा होता. त्याचा चेहरा उजळलेला होता. "कारखान्यांचे पैसे कापले," तो म्हणाला. "अर्धे केले. रेडिओवर सांगितलं. धूर शून्यावर आणायचं साल पुढे ढकललं म्हणे."

"मग?"

"मग काय. नवीन बायकांना कुठून पगार देणार? पाठवतील घरी."

ती आत गेली, जाकीट खुंटीला टांगलं, पाणी प्यायली. रिकामा तांब्या तिने पुन्हा भरला आणि तसाच ठेवून दिला. मनात उसळलं ती भीती नव्हती. तो आनंद होता, हे तिला लगेच कळलं, आणि लगेच तिने बादली उचलून शेळ्यांना पाणी दाखवायला नेलं, जसं काही कुणीतरी बघत होतं.

दोन दिवसांनी तिने धाकटीची खोली उघडली. कोपऱ्यात उंदरांनी लेंड्या टाकल्या होत्या. तिने फरशी घासली, जाळी काढली, गाद्या उन्हात टाकल्या, खिडकीची निसटलेली बिजागरी दगडाने ठोकून बसवली. भिंतीवर पोरीने खडूने काढलेली कोंबडी होती, ती तेवढी पुसली नाही. म्हातारा बाहेरून बघत होता. काय करतेस असं त्याने विचारलं नाही. थोड्या वेळाने तो स्वतःच चुना भिजवून घेऊन आला आणि खालच्या भिंतीला, हात पोचेल तिथवर, लावत बसला.

रानात यंत्रामागे चालताना ती गुणगुणू लागली. सुपरवायझरने विचारलं, आज काय विशेष. काही नाही, ती म्हणाली. नळावर शेजारीण हळहळली, बिचारीला परत यावं लागणार, इतकी हौसेने गेली होती. थोरलीने हळहळल्यासारखा चेहरा केला आणि हंडा उचलून भराभर घराकडे वळली. वाटेत तिला स्वतःची लाज वाटली. धाकटी पांढरा अंगरखा काढून देत असेल, पोरीची शाळा अर्धवट सुटत असेल, धाकटा पुन्हा ओट्यावर बसून काहीतरी खोलत असेल. हे सगळं तिने मनाशी नीट मांडून बघितलं. तरीही मनातलं ते जाईना. येऊ दे, असंच ते म्हणत राहिलं.

फोन आला तो सुट्टीचा दिवस नव्हता. सूर्य मावळला होता, ती शेळ्यांचा पाला तोडत होती. म्हाताऱ्याने फोन आणून दिला आणि खाटेवर जाऊन बसला, पाठ फिरवून.

धाकटी एका दमात बोलत होती. निम्म्या बायकांना कालच घरी पाठवलं. तिच्या खोलीतली एक फाटकाशी बसून राहिली, उठायलाच तयार होईना, तिला तिचा भाऊ येऊन घेऊन गेला. धाकटीचं नाव शेवटपर्यंत पुकारलं नव्हतं, आणि मग साहेबांनी बोलावून सांगितलं, तुझा हात स्थिर आहे, तू राहा. पगार थोडा कमी, पण काम पक्कं. धाकट्याला माल भरण्याच्या खात्यात घेतलं. कारखान्याची खोली आता सोडावी लागणार म्हणून त्यांनी शाळेजवळ भाड्याने घर बघितलं. दोन खोल्या, समोर एक झाड.

"आता सुट्टीलाच यायला जमेल," ती म्हणाली. आणि मग थांबली. "जाऊबाई, ऐकताय ना?"

"ऐकतेय."

"तुम्हाला वाटलं असेल, आम्ही परत येतो म्हणून."

थोरलीच्या हातात पाल्याची फांदी होती. ती तिने खाली ठेवली.

"वाटलं होतं," ती म्हणाली. "तुझी खोली घासून ठेवलीय. मामंजींनी चुना लावला."

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"रडू नकोस," थोरली म्हणाली. "तुझं काम जावं असं मला वाटत होतं. आठ दिवस तेच वाटत होतं. आता तू सांगितलंस तेव्हा पहिल्यांदा बरं वाटलं. दोन्ही खरं आहे. तू राहा तिथे."

"तुम्ही या ना इकडे. कारखान्याच्या भटारखान्यात बाई लागतेय."

"आणि मामंजी?"

"त्यांनाही आणा."

"ते टेकडी सोडून यायचे नाहीत, तुला माहीत आहे. पोरीला दे फोन."

पोरीने शाळेची गाणी म्हणून दाखवली. दोन कडवी झाल्यावर ती विसरली आणि पहिल्यापासून सुरू केली. थोरलीने सगळं ऐकून घेतलं. फोन ठेवला तेव्हा अंधारून आलं होतं. ती उठून म्हाताऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. त्याने ऐकलंच होतं, तरी तिने सांगितलं. त्यांना ठेवून घेतलं, दोघांनाही काम आहे, घर बघितलंय. म्हातारा मान डोलवत राहिला. चांगलं झालं, तो म्हणाला. त्याच्या बोटांच्या पेरांत अजून चुना होता, तो नखाने खरवडत बसला.

तिने चूल पेटवली, स्वयंपाक केला. त्याचं ताट नेहमीप्रमाणे अंगणात खाटेवर नेऊन ठेवलं आणि आत वळली. आपलं ती नंतर आत, चुलीपाशी बसून जेवायची. त्यात कधी कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं.

"तुझं ताट?" म्हातारा म्हणाला.

"आत आहे."

"घेऊन ये इकडे. एकटी काय बसतेस तिकडे."

तिला कसंतरीच झालं. पण तिने ताट आणलं आणि खाटेपासून थोडं दूर, पालथ्या बादलीवर बसली.  एक शेळी उगाच ओरडली आणि गप्प झाली. म्हातारा घास चावता चावता टेकडीकडे बघत होता. जमीन दिल्यापासून त्या रानाबद्दल त्याने एकदाही काही विचारलं नव्हतं.

"ते यंत्र," तो म्हणाला, "एकटंच जातं का पार त्या टोकाला?"

"जातं."

"कुणी हाकावं लागत नाही?"

"नाही. आपलं आपण जातं."

"आणि मग?"

"मग परत येतं."

म्हाताऱ्याने मान हलवली, आणखी थोडं मीठ मागितलं. ती मीठ आणायला आत गेली आणि येताना त्याच्यासाठी पाण्याचा तांब्याही भरून घेऊन आली.